मुले वाढविण्याची पुस्तके

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा दरवर्षीप्रमाणे एखादी पाककृती द्यावी, असेच माझ्या मनात होते. परंतु गेल्या श्रावणात आमच्या घरी नात आली आणि तिला कसे निजवावे यावरून सूनबाईचा व माझा थोडा खटका उडाला. त्यातून जे वाचन घडले, ते भगिनींपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते. कर्तव्य का, ते शेवटी सांगते.

सूनबाई तान्हीला पाठीवर निजवी. मी म्हणे, पालथे निजवावे; मूल दचकत नाही, दूध उलटले तरी घशात अडकत नाही. माझा मुलगा १९७९ साली झाला, त्याला मी पालथाच निजवीत असे. ही अक्कल माझी स्वतःची नव्हती, पुस्तकातली होती. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगं, पाळण्यातलं मूल उताणंच निजतं. आमची सहा तशीच वाढली." मी त्यांच्यापुढे पुस्तकाचे पान उघडून धरले. त्यांना वाचता येत नव्हते. काही न बोलता त्या उठून गेल्या.

आता सूनबाईने माझ्यापुढे पान धरले. मला वाचता येत होते, एवढाच काय तो फरक!

मग हा सल्ला आला कोठून आणि गेला कोठे, याचा मी शोध घेतला. १९२८ साली अमेरिकेत वॉटसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आयांना बजावले होते, की मुलाला फार कुरवाळू नका, मांडीवर घेऊन बसू नका. पुढे १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरचे पुस्तक निघाले. आईने स्वतःवर विश्वास ठेवावा, मुलावर मोकळेपणी माया करावी, असे त्यांनी सांगितले. त्या पुस्तकाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. परंतु त्याच पुस्तकाच्या १९५८ च्या आवृत्तीत मुलाला पालथे निजवावे, असाही सल्ला होता. ओकारी घशात अडकेल, ही भीती त्यामागे होती. तर्क पटण्यासारखा होता, पण तो पडताळून कोणी पाहिला नव्हता. इतर अनेक पुस्तकांतूनही तेच सांगितले जाई.

पुढे पडताळा पाहिला तेव्हा निराळेच दिसले. पालथी निजणारी तान्ही मुले झोपेतच अचानक दगावण्याचा धोका अधिक, असे निरनिराळ्या देशांतील पाहणीत आढळले. १९९१ साली इंग्लंडात आणि १९९२ साली अमेरिकेत, मुलांना पाठीवर निजवा, असे जाहीरपणे सांगण्यात आले आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ज्या आयांची मुले आधी गेली, त्यांनीही पुस्तकच प्रमाण मानले होते. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून जुने ते सारे सोने, असेही मी म्हणणार नाही. याच माझ्या सासूबाईंनी मला पहिला चीक पिळून टाकायला लावला होता आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावले होते. चीक हे बाळाचे पहिले संरक्षण, तो जन्मल्यावर तासाभरात पाजावा आणि वर्षाच्या आतील मुलाला मध मुळीच देऊ नये, हे आज प्रत्येक डॉक्टर सांगतो. तेथे सासूबाई चुकल्या होत्या. निजविण्याच्या बाबतीत मी चुकले.

या निमित्ताने आपल्या भाषेतील जुनी पुस्तकेही चाळली. १८८२ साली पुण्यात पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' निघाले. बाईंचे वय तेव्हा चोवीस वर्षांचे. त्याच वर्षी वैधव्य आलेले आणि पदरी लहानगी मनोरमा. स्त्रीने शिकावे, आपल्या पायांवर उभे राहावे, घर व मुले कशी सांभाळावी, याचा उपदेश त्यांनी केला. त्याच साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. सुरतेकडील एका विधवेला आपल्या अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर झोड उठली होती. ताराबाईंचा सवाल सरळ होता : दोष काय तो बाईचाच, पुरुषाचा काहीच नाही का? एकाच वर्षातली ही दोन पुस्तके मी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा दोन्हींची गरज होती असे वाटले.

पुढे र. धों. कर्वे यांनी १९२३ साली 'संततिनियमन' लिहिले. मूल कसे वाढवावे, याआधी ते केव्हा व किती व्हावे, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. त्यापायी नोकरी गेली, कोर्टाची पायरी चढावी लागली, तरी १९५३ साली निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' त्यांनी चालविले. आपल्या आजीची दर दोन वर्षांनी होणारी बाळंतपणे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या कामाचे मोल सांगायला नको.

'श्यामची आई' मात्र आपल्या घरांत पोथीसारखे वाचले गेले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे होऊन गेली होती. मी ते चार वेळा वाचले आणि चारही वेळा रडले. तरीही एक विचार मनात येतो. ही आई मुलाच्या आठवणीतली आहे. तिला स्वतःला लिहिता आले असते, तर तिने काय लिहिले असते? त्याचे थोडेसे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त सापडते. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी पोरांचे झालेले हाल, टिळकांचा रागीट पण भोळा स्वभाव, काही काही त्यांनी झाकून ठेवले नाही. उपदेश एकही नाही, पण संसार कसा असतो ते त्यातून जेवढे कळते, तेवढे उपदेशाच्या दहा पुस्तकांतून कळत नाही.

आणि ताराबाई मोडक! बोर्डीला व पुढे कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलाकडे आधी पाहावे, मग पुस्तकाकडे, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

आता कर्तव्याची गोष्ट. माझे ते जुने, मुखपृष्ठ गेलेले पुस्तक मी पुष्कळ वर्षांपूर्वी मंडळाच्या कपाटाला दिले. लेकीसुनांसाठी ते अनेकींनी नेले आहे. कित्येकींना मीच आग्रहाने दिले. गेल्या महिन्यात जाऊन मी त्या पानावर चिठ्ठी चिकटविली : 'हा सल्ला आता चुकीचा ठरला आहे. बाळाला पाठीवर निजवावे.' ज्यांनी ते पान वाचून कोणाला काही सांगितले असेल, त्यांनी कृपा करून पुन्हा जाऊन सांगावे.

सूनबाईपाशी मी चूक कबूल केली. ती हसली आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवून चहा करायला गेली. सासूबाईंपाशी कबूल करायचे राहून गेले. त्या १९९४ साली गेल्या. त्यांच्यापुढे धरलेले ते पान मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.