१९३१ची मोजणी आणि बंद दारं

ओबीसी आरक्षणाचा विषय निघाला की आपल्या भंडाऱ्यात पानटपरीवरही ५२ टक्क्यांचा आकडा ऐकू येतो. मंडल आयोगाने तो काढला १९३१च्या जनगणनेचा आधार घेऊन. त्यानंतर देशभरातल्या सगळ्या जातींची मोजणी छापून आलीच नाही.

पण ती मोजणी झाली कशी, हे कोणी विचारत नाही.

सविनय कायदेभंगाचे दिवस होते. १९३०च्या पावसाळ्यात विदर्भात जंगल सत्याग्रह होऊन गेला होता. काँग्रेसने जनगणनेवर बहिष्कार पुकारला, त्यासाठी ११ जानेवारी १९३१चा रविवार ठरवला. सरकारी माणूस आला तर माहिती द्यायची नाही! मोजणी झाली २६ फेब्रुवारीला. जनगणना आयुक्त जे. एच. हटन यांनी अहवालात हे झाकलं नाही. खरा फटका गुजरातच्या काही शहरांत, विशेषतः अहमदाबादेत बसला, असं त्यांनी नोंदवलं. म्हणून अहमदाबादचा आकडा जपून वाचावा लागतो. पण तेवढ्यावरून मध्य प्रांतातल्या आपल्या जिल्ह्याचा आकडा टाकाऊ ठरत नाही. भोक कुठं आहे ते कळलं, की उरलेलं कापड वापरता येतं.

भोक कळलंच नाही तर? १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' मासिकाने... नव्हे, साप्ताहिकाने निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. जवळपास चौथा हिस्सा परत आल्या. आकडा केवढा मोठा! त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं आणि ४८पैकी ४६ राज्यं रूझवेल्टने जिंकली. ज्यांनी पत्रिका परत पाठवली नाही, त्यांच्यात रूझवेल्टवाले जास्त होते.

सर्व्हेची बातमी करताना मीही पूर्वी नुसते टक्के छापायचो. आता आधी विचारतो, दार किती जणांनी उघडलं नाही, आणि ते कोण होते?

आता जातीसह जनगणना पुन्हा ठरली आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. म्हणजे मोजणी फेब्रुवारीतच. धान निघाल्यावर आपल्याकडची कित्येक माणसं कामाला बाहेरगावी जातात, दाराला कुलूप. ही घरं सगळ्या जातींत, सगळ्या टोल्यांवर सारखी नसतात. कोणाची असतात, ते तुम्हाला-मला माहीत आहे.

म्हणून एकच सांगणं. गावातल्या बंद घरांची नोंद व्हावी, प्रगणकाने पुन्हा फेरी मारावी आणि तरी राहिलेली घरं किती, हे जाहीर व्हावं. नाहीतर पुढची नव्वद वर्षं आपली नातवंडं चुकीच्या आकड्यावर भांडतील.