पंखावरची चिठ्ठी

१/ जानेवारी १९७६. मेक्सिकोतील मिचोआकान राज्याच्या डोंगराळ अरण्यात ६४ वर्षांचे कॅनेडियन प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट धापा टाकत बसले होते. सभोवतालची झाडे मोनार्क फुलपाखरांनी अशी झाकली होती की साल दिसेना. तेवढ्यात भाराने एक फांदी मोडून कोसळली. त्या ढिगातील एका पंखावर कागदाची इवलीशी चिठ्ठी होती!

२/ ती कोणी लावली, ते पुढे येईलच. आधी थोडे मागे जाऊ. मोनार्कच्या अळ्या आपल्या रुईच्या कुळातील वनस्पतींवर वाढतात. कॅनडातील ही फुलपाखरे हिवाळ्यात जातात कुठे, हा प्रश्न अर्कहार्टना लहानपणापासून छळत होता. १९३७ नंतर त्यांनी व पत्नी नोरा यांनी पंखांवर खुणा करण्याचे नाना प्रयोग केले. डिंकाने लावलेल्या चिठ्ठ्या पावसात गळून पडत. अखेर दुकानातल्या मालावर किंमत लावतात तसा दाबून चिकटणारा कागद कामी आला. पुढच्या पंखाच्या कडेचे खवले हलकेच पुसायचे आणि कडेवरून दुमडून चिठ्ठी दाबायची. तीवर क्रमांक आणि टोरांटो विद्यापीठाचा पत्ता.

३/ पण दोघे मिळून अशी किती फुलपाखरे पकडणार? १९५२ मध्ये नोरा यांनी एका नियतकालिकातून मदतीची हाक दिली. ओ दिली अवघ्या १२ जणांनी! पुढे मात्र हजारो हात जोडले गेले. सापडलेल्या चिठ्ठ्यांची ठिकाणे नकाशावर मांडताच रेषा नैर्ऋत्येकडे, टेक्सासच्याही पलीकडे निर्देश करू लागल्या.

४/ जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रुगर आणि मिचोआकानचीच कन्या काटालीना अग्वादो त्या अरण्यापर्यंत पोहोचले. येथे ‘शोध’ हा शब्द जपून वापरावा; आसपासच्या गावकऱ्यांना ही फुलपाखरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ती येतात कोठून, एवढेच कोडे होते.

५/ आणि ती उत्तरेतूनच येतात याला तरी पुरावा काय? तर्क होता, साक्षीदार नव्हता. तो त्या मोडलेल्या फांदीने दिला. चिठ्ठीच्या क्रमांकावरून नोंद सापडली. ऑगस्ट १९७५, चास्का, मिनेसोटा. सुमारे ३,००० किलोमीटर दूर. चिठ्ठी लावणारे होते एक शाळामास्तर आणि त्यांचे दोन विद्यार्थी.

६/ अमेरिकेत शाळकरी मुले आजही मोनार्कवर खुणा करतात. १९९२ पासून हे काम कॅन्सस विद्यापीठातील ‘मोनार्क वॉच’ चालवते. चिठ्ठी आता गोल असते, आणि ती मागच्या पंखावर लावतात.