उंबराचे फूल आणि नेच्याचे बीज

फार दिवस दृष्टीस न पडलेला स्नेही अवचित दारात उभा राहिला, म्हणजे 'आपण तर अगदी उंबराचे फूल झालात' असे म्हणून त्याचे स्वागत करण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या वाक्प्रचाराच्या पोटी एक जुने निरीक्षण दडलेले आहे. उंबराचे झाड खोडापासून फांद्यांपर्यंत फळांच्या घोसांनी लगडते. परंतु फळापूर्वी यावयाचे फूल मात्र कोणाच्याच पाहण्यात नसते. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी ह्याच निरीक्षणावर वर्गीकरणाची एक भिंत उभारली. मनुस्मृतीत आणि चरकसंहितेत जे विभाग केलेले आढळतात, त्यांत फुलावाचून फळणाऱ्या वृक्षांस 'वनस्पती' म्हटले आहे, आणि टीकाकारांनी त्यांची उदाहरणे म्हणून वड, उंबर हीच झाडे दिली आहेत. फूल व फळ दोन्ही धरणारी झाडे निराळी. फळ पिकताच ज्यांचे आयुष्य संपते त्या 'ओषधी' निराळ्या. आज जो शब्द आपण शेवाळापासून सागापर्यंत सर्व हरित सृष्टीस लावतो, तो मूळचा एवढ्या लहानशा 'अपुष्प' कुळाचा होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

'अपुष्प' ह्या शब्दात 'दिसत नाही' आणि 'नाही' ह्या दोन भिन्न गोष्टी एक झाल्या आहेत. त्या परस्परांपासून वेगळ्या करण्यास मनुष्यास किती काळ लागला, आणि वेगळ्या झाल्यावर वनस्पतींची सोयरीक कशी नव्याने कळली, हा वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातील एक मोठा मनोरम भाग आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

उंबराचे फळ म्हणून आपण जे ओळखतो ते वास्तविक फळ नव्हे. तो एक पोकळ, गोल, मांसल पेला असून त्याच्या आतल्या अंगास शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली असतात. पेल्याच्या तोंडाशी एक अरुंद, खवल्यांनी बंद केलेले द्वार असते. त्यातून मुंगीहूनही लहान अशी एक गांधीलमाशीच्या जातीची मादी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा गळून पडतात. दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग ती येथील स्त्रीपुष्पांवर टाकते आणि काही पुष्पांत अंडी घालून तेथेच मरते. अंडी घातलेल्या पुष्पांत तिची संतती वाढते, उरलेल्यांत उंबराचे बी धरते. पुढे पंख नसलेले नर प्रथम बाहेर पडतात, माद्यांशी संग करून त्यांच्यासाठी भिंतीत वाट कोरतात आणि बाहेरचा उजेड उपभोगल्यावाचून बहुधा तेथेच संपतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाच्या शोधास निघतात. उंबर फोडताच जे केंबरे उडतात आणि ज्यांस किडे म्हणून आपण नाक मुरडतो, त्यांत ह्याच माद्या असतात. त्या नसतील तर उंबरास बी धरणार नाही, आणि उंबर नसेल तर त्यांस घर नाही. हा करार ६ कोटी वर्षांहून अधिक जुना आहे.

युरोपात वनस्पतींमध्ये स्त्री-पुरुषभेद आहे ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध करण्याचे श्रेय ट्यूबिंगेन येथील कामेरारिउस ह्याच्या १६९४ च्या निबंधास दिले जाते. त्याच पायावर स्वीडनच्या लिनीअसने १७३५ साली आपली प्रसिद्ध २४ वर्गांची व्यवस्था मांडली. फुलातील पुंकेसर मोजावे, त्यांची मांडणी पाहावी आणि वर्ग ठरवावा, इतकी ती सोपी होती. त्याच्या १७५३ च्या महाग्रंथात सुमारे ६,००० वनस्पती ह्या रीतीने नावानिशी नोंदल्या गेल्या.

ह्या ग्रंथात आपला औदुंबरही आहे, आणि तो तेथे पोहोचला त्या वाटेवर आपली माणसे भेटतात. डच कंपनीचा मलबारातील अधिकारी व्हान ऱ्हेडे ह्याने 'होर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध करविला. त्यासाठी इट्टी अच्युतन् ह्या मलबारी वैद्याने आपली विद्या दिली. आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तीन कोकणी वैद्यांनीही दिली. गोमंतकातून दक्षिणेस जाऊन कोचीनकडे वसलेल्या समाजातील हे विद्वान होत. त्यांचे १६७५ चे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी अक्षरांत कोरून पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच खंडात 'अत्ति-आलु' ह्या मलबारी नावाने औदुंबराचे चित्र व वर्णन आहे, आणि लिनीअसने आपल्या नोंदीसाठी त्याचाच आधार घेतला.

लिनीअसला उंबराच्या जातीची फुले ठाऊक होती. म्हणून त्याने तिला १७५३ च्या ग्रंथात २३ व्या वर्गात जागा दिली. पुढचा २४ वा वर्ग मात्र त्याच्या पद्धतीची अडगळीची खोली होती. ज्यांस पुंकेसर नाहीत त्यांचे पुंकेसर मोजावयाचे कसे? नेचे, शेवाळी, पाणशेवाळे आणि अळंब्या ह्या सर्वांस त्याने 'क्रिप्टोगॅमिया', म्हणजे 'गुप्तविवाही', असे नाव देऊन तेथे एकत्र कोंडले. नावात मात्र त्याने शहाणपण दाखविले. विवाह नाही असे तो म्हणाला नाही, गुप्त आहे असे म्हणाला.

हे गुप्त फार दिवस गुप्तच राहिले. नेच्याच्या पानाच्या पाठीशी तपकिरी ठिपके असतात व त्यांतून धूळ उडते, हे सर्वांस दिसे; पण बी दिसत नसे. त्यामुळे नेच्याचे बी अदृश्य असते आणि जो ते मिळवील तोही अदृश्य होतो, अशी युरोपीय खेड्यांतील समजूत होती. शेक्सपिअरच्या नाटकातही तिचा उल्लेख येतो. उंबराच्या न दिसणाऱ्या फुलाने आपल्याकडे जी जागा घेतली, ती तिकडे नेच्याच्या न दिसणाऱ्या बीजाने घेतली होती.

ही धूळ ओल्या मातीवर पडली असता तीतून नेचा उगवत नाही. प्रथम नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा, पातळ हिरवा पापुद्रा उगवतो. पावसाळ्यात सह्याद्रीतील दरडींवर आणि जांभ्याच्या जुन्या भिंतींवर तो पुष्कळ असतो, पण शेवाळ समजून आपण त्यावर पाय देऊन जातो. १८४४ साली नेगेली ह्यास ह्या पापुद्र्यावर पाण्यात पोहणारे नागमोडी पुंबीज दिसले. १८४८ साली लेश्चिक-सुमिन्स्की ह्या पोलिश सरदाराने तेथेच स्त्रीबीजाचे स्थान शोधून त्यातून नेच्याचे रोप निघते असे दाखविले. विवाह सापडला होता. परंतु त्याचा अर्थ लागला नव्हता.

तो अर्थ लावणारा मनुष्य विद्यापीठातला नव्हता. विल्हेल्म हॉफमाइस्टर हा लाइपझिग येथील संगीतविषयक पुस्तकांच्या प्रकाशकाचा मुलगा. तो १८२४ साली जन्मला, शाळा सोडून वडिलांच्या धंद्यात पडला, आणि दुकानाचे काम सुरू होण्यापूर्वी पहाटेच्या वेळी सूक्ष्मदर्शक घेऊन बसू लागला. त्याची दृष्टी इतकी अधू होती की वस्तू डोळ्यांशी नेल्यावाचून त्यास दिसत नसे. जवळचे मात्र तो असे पाही की तसे दुसऱ्या कोणी क्वचितच पाहिले असेल. १८५१ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने शेवाळी, नेचे, त्यांचे आप्त आणि सूचिपर्णी वृक्ष ह्यांच्या जननाचा तुलनात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याचे सार असे. ह्या सर्व वनस्पतींच्या जीवनात दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एक पिढी स्त्री-पुंबीजे निर्माण करते. त्यांच्या संयोगातून दुसरी निघते, आणि ती जे बीजाणू टाकते त्यांतून पुन्हा पहिली उगवते. शेवाळीचा हिरवा गालिचा ही पहिली पिढी. तीवर उभी असलेली बारीक दांडी व टोकाची डबी ही दुसरी. नेच्यात उलट प्रकार आहे: डौलदार झाड ते दुसऱ्या पिढीचे, आणि पहिली ती नखाएवढी. सेलाजिनेला ह्या नेच्याच्या आप्तात बीजाणू लहान व मोठे असे दोन प्रकारचे असून पहिली पिढी त्यांच्या कवचातच वाढते. पुढे सूचिपर्णीत मोठा बीजाणू झाडापासून सुटतच नाही, आईच्या पोटातच राहतो. आणि त्याच स्थितीस आपण बीजाची पूर्वतयारी म्हणतो.

म्हणजे शेवाळीपासून देवदारापर्यंत एकच सूत्र ओवलेले आहे. हे डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघण्याच्या ८ वर्षे आधी लिहिले गेले. त्यात उत्क्रांतीचा पुरस्कार नाही, पण डार्विनला मानणाऱ्यांस वनस्पतींची वंशावळ जणू आयती मिळाली. सूचिपर्णींच्या परागनलिकेतही पोहणारी पुंबीजे आढळतील काय, असा तर्क हॉफमाइस्टरने केला होता. तो सूचिपर्णींत नव्हे, पण त्यांच्या दूरच्या आप्तांत खरा ठरला: १८९६ साली तोक्यो येथे हिरासे ह्याने गिंको वृक्षात, आणि त्याच वर्षी इकेनो ह्याने सायकसमध्ये, ती प्रत्यक्ष पाहिली. हॉफमाइस्टर १८७७ सालीच निवर्तला होता. विद्यापीठात न शिकलेला हा गृहस्थ १८६३ साली हायडेलबर्ग येथे प्राध्यापक झाला आणि १८७२ साली कामेरारिउसच्या ट्यूबिंगेनास गेला.

लिनीअसचा २४ वा वर्ग आज मोडला आहे. अळंब्या तर वनस्पतींतूनच वेगळ्या काढल्या गेल्या, आणि आता नाती ठरवावयास जनुकांची साक्ष काढतात. तथापि पिढ्यांचे हे सूत्र तुटलेले नाही. ते हाती धरून पुन्हा उंबराकडे यावे. उंबराचे सारे झाड ही दुसरी पिढी. पहिली कोठे गेली? ती परागाच्या दोन-तीन पेशींत आणि बीजांडातल्या बहुधा सात पेशींच्या पिशवीत मावली आहे. नेच्याचा हिरवा पापुद्रा आणि ही पिशवी एकमेकांचे आप्त होत. म्हणजे उंबरात फूल लपले आहे इतकेच नव्हे, त्या फुलात एक अख्खी पिढी लपलेली आहे.

परीक्षेच्या कोष्टकात हे सर्व चार ओळींत बसते. आणि कोष्टक पाठ झाले म्हणजे त्याचा व्यवहाराशी काही संबंध आहे हे विद्यार्थी विसरतो. वर्गीकरणाने झाडाचे नाव कळते. ते जगावयास काय लागते हे त्याच्या जीवनक्रमाशिवाय कळत नाही. नेच्याचे पुंबीज पाण्यातून पोहते, म्हणून भिंत खरवडून सिमेंटने गुळगुळीत केली की ओलीबरोबर पुढचा नेचाही जातो. उंबराची माशी बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसच जगते. तेवढ्यात तिला योग्य स्थितीतील दुसरा उंबर गाठावा लागतो. रस्ता रुंद करताना पंचक्रोशीतील उंबर तोडून एखादा पारावरचा तेवढा पूज्य म्हणून राखला, तर तो उभा राहील, परंतु माशी तेथवर पोहोचलीच नाही तर त्यास बी धरणार नाही.

जुन्या ग्रंथकारांनी न दिसलेल्या फुलावरून काही झाडांस 'वनस्पती' म्हटले, आणि भाषेने पुढे तो शब्द सर्व हरित सृष्टीस दिला. हॉफमाइस्टरच्या दृष्टीने पाहता भाषेची ही उदारता अगदीच अस्थानी ठरत नाही; कारण काही ना काही दृष्टीआड ठेवल्यावाचून त्यांच्यापैकी एकीचाही संसार चालत नाही.