तारण : कृपेचे दान

खांदेश्वर स्थानकाच्या दोन्ही बाजूंस वसलेल्या वसाहतींत निरनिराळ्या पंथांची ख्रिस्ती कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. "तुमचे तारण झाले आहे काय?" हा प्रश्न आपल्या भाविकांना तेथे जिन्यावर किंवा लोकलच्या डब्यातही विचारला जातो. पुष्कळदा आपण गप्प बसतो, अथवा रविवारची मिस्सा, उपवास व दानधर्म यांचा पाढा वाचतो. उत्तर म्हणून हा पाढा अपुराच आहे.

देवाची कृपा ही कमाई नव्हे, ती देणगी होय, असे संत पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो. आदिपापामुळे मानवी स्वभाव दुखावला आहे. मनुष्य स्वबळावर देवापर्यंत पोहोचू शकत नाही. पाचव्या शतकात पेलाजियसने याच्या उलट शिकवण दिली, तेव्हा संत आगुस्तीन यांनी तिचा प्रतिवाद केला. इ. स. ५२९ मधील ऑरेंजच्या धर्मसभेने ठरविले की, विश्वासाचा आरंभदेखील कृपेनेच होतो. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंटच्या विश्वपरिषदेने हेच पुन्हा सांगून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली : कृपा प्रथम येते, परंतु मनुष्य तिला होकार देऊ शकतो आणि नाकारूही शकतो. आपली सत्कृत्ये या होकारातून उपजतात. ती तारणाची किंमत नव्हेत.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या घरातच असतो. काही आठवड्यांच्या बाळाला आपण स्नानसंस्कारासाठी नेतो. त्याने कोणते पुण्य जोडलेले असते? पवित्र मरियेविषयीही हेच म्हणावे लागेल. १८५४ साली घोषित झालेल्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सिद्धान्तानुसार तिला आदिपापापासून राखले गेले, ते तिच्या पुत्राच्या पुण्याईने. तिचेही तारण कृपेनेच झाले. इतरांना ती नंतर लाभते, मरियेला आधी लाभली, एवढाच भेद.

मराठीत हा विषय जुनाच आहे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण विश्वनिर्मिती, आदिपाप व तारणाऱ्याची प्रतीक्षा यांविषयी आहे. प्रभूचे चरित्र दुसऱ्या पुराणात येते. आजार समजल्यावाचून वैद्याची ओढ लागत नाही, हे त्या रचनेत दिसते, असे आम्हांस वाटते.

वर्षानुवर्षे पापनिवेदनापासून दूर राहिलेले काही भाविक म्हणतात, "आधी सुधारतो, मग येतो." त्यांची लाज आम्ही समजू शकतो, पण क्रम मात्र उलटा आहे. उधळ्या पुत्राने क्षमायाचना पुरी करण्याआधीच पित्याने नव्या वस्त्राची आज्ञा दिली.

शेजाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर असे देता येईल : स्नानसंस्कारात माझे तारण झाले, आजही कृपेने होत आहे, आणि ते पूर्ण होईल अशी मला आशा आहे. शेजारी लुथरन असेल तर त्याला हेही सांगावे की, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. आपला स्वीकार देव केवळ कृपेने करतो, आपल्या गुणांमुळे नव्हे, हे दोघांनी मिळून त्यात कबूल केले आहे.