पैनगंगेपलीकडचा कॅमेरा

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की तेलंगणा, म्हणजे जुना आदिलाबाद जिल्हा. तिथे दुकानांच्या पाट्या बदलतात, शाळेची भाषा बदलते, एसटीचा रंग बदलतो. माणसं मात्र तीच. इकडे गोंड, कोलाम, परधान. तिकडेही गोंड, कोलाम, परधान. आत्राम, टेकाम, मडावी ही आडनावं दोन्ही काठांवर सापडतात. सोयरिकी आणि देव नदीच्या आधीपासून ठरलेले आहेत.

त्या पलीकडच्या काठावर १९४०च्या दशकात व्हिएन्नाचे एक गृहस्थ कॅमेरा घेऊन फिरत होते. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. जन्म १९०९, पेशाने मानववंशशास्त्रज्ञ. १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ते भारतात होते. ऑस्ट्रिया आदल्याच वर्षी हिटलरने गिळला होता, त्यामुळे ब्रिटिशांच्या लेखी हे शत्रूराष्ट्राचे नागरिक. त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली, आणि त्या सक्तीच्या मुक्कामाचा त्यांनी अभ्यासासाठी उपयोग केला. पत्नी बेटी सोबत होत्या. 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे त्यांचं पुस्तक १९४८ साली आलं. त्यांचे हजारो फोटो लंडनच्या सोआस या संस्थेच्या संग्रहात आहेत आणि त्यातले बरेच आज मोबाईलवर बघता येतात.

हे फोटो बघताना एक गोष्ट विसरायची नाही. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भांडण जंगल आणि जमिनीचं होतं. त्यानंतर काही काळातच हायमेनडॉर्फ या गोंडांमध्ये आले, आणि पुढे निजाम सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागारही झाले. म्हणजे ज्या सरकारने गोळी झाडली, त्याच सरकारच्या परवानगीने कॅमेरा आला. त्यांनी जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून खटपट केली. मार्लवाई गावात शिक्षक तयार करण्याचं केंद्र सुरू केलं. तिथली गोंडी अंकलिपी देवनागरीत छापली होती. तुम्हाआम्हाला गोंडी येत नसली तरी ती मोठ्याने वाचता आली असती.

आता देवांकडे येऊ. गोंडांच्या कुळाचा देव म्हणजे पर्सा पेन. त्याला मूर्ती नाही. लोखंडी भाल्याचं टोक आणि चवरी हीच त्याची खूण, आणि ती एरवी झाडावर ठेवलेली असते. चार, पाच, सहा, सात देवांच्या गटांत कुळं वाटलेली, आणि त्यावर लग्न कुणात होतं हे ठरतं. पूजा कटोडा करतो, पण देवाची कथा परधान गातो, किंगरीच्या साथीने. परधानाशिवाय गोंडाचा देव मुका. गावच्या काही पूजांसाठी तर गोंड कोलामाला बोलावतात, म्हणून कोलामांना ते 'पुजारी'च म्हणतात. कोलामांचा स्वतःचा देव भीमायक. बाहेरचा माणूस नाव ऐकून म्हणतो, 'अच्छा, महाभारतातला भीम.'

केस्लापूरचा नागोबा घ्या. पौष अमावस्येला तिथे मोठी जत्रा भरते, यवतमाळ-चंद्रपूरकडूनही लोक जातात. बाहेरच्याला ते नागाचं देऊळ वाटतं. मेश्राम कुळासाठी तो कुळाचा देव आहे. जत्रेआधी गोदावरीचं पाणी पायी आणलं जातं आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. त्या भेटीनंतर सून कुळाची. हे हिंदू आहे का? नाग आहे, गोदावरी आहे, अमावस्या आहे. वेगळं आहे का? कूळ आहे, परधान आहे, भेट आहे. दोन्ही उत्तरांना पुरावा त्याच जत्रेत मिळतो.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून मला हा प्रश्न फॉर्मसारखा दिसतो. 'धर्म' या रकान्यात आपण ड्रॉपडाऊन देतो आणि एकच पर्याय निवडू देतो. एकदा शाळेतला एक गोंड मित्र फॉर्म भरताना मला म्हणाला, "इथं काय टाकू बे?" त्याच्या घरी गणपती बसतो, आणि पेनाला गेल्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. त्याचा गोंधळ त्याच्या डोक्यात नव्हता, स्क्रीनवर होता.

२०११च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'गोंड' किंवा 'गोंडी' लिहून घेतला. त्यासाठी वेगळा रकाना नव्हता. ते सगळे 'इतर'मध्ये गेले. २०२७ची जनगणना आता समोर आहे आणि वेगळ्या रकान्याची मागणी जुनी आहे. मला ती रास्त वाटते. ज्याला आपलं नाव सांगायचं आहे त्याला 'इतर' म्हणणं बरं नव्हे. पण रकाना मिळाला तरी जत्रा त्यात पूर्ण मावणार नाही, हेही हायमेनडॉर्फ यांचं काम बघताना कळतं. त्यांनी कुणाला एका बाजूला ओढलं नाही. कोण काय करतं, कुणासोबत करतं, ते टिपून ठेवलं.

बेटी १९८७ साली हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये गेले आणि पुढे त्यांच्या अस्थीही तिथेच आल्या. गोंड आजही तिथे जमतात, फुलं वाहतात. या दोघांचा धर्म कुठला, असं तिथे कुणी विचारत नाही.

ते काम मात्र पलीकडच्या काठावरचं. अलीकडे झरी जामणीतल्या कोलाम पोडांवर, गोंडांच्या देवस्थानांत आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कटोड्याला विचारा, परवानगी असेल तेवढंच टिपा, आणि फोटोखाली 'आदिवासी महिला' असं न लिहिता आजीचं नाव, कूळ, पोड लिहा, अर्थात तिची हरकत नसेल तर. कूळ, गाव, सण, भाषा, सगळं लिहा. फाईलला टॅग कितीही देता येतात.