चोवीस रकान्यांचे ओझे : ‘बहिष्कृत भारत’चा संपादकीय व्यवहार (१९२७–१९२९)

छावणीला लागून असलेल्या नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाची स्थापना १९५० सालची. याच महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. गंगाधर पानतावणे यांनी पुढे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक चालविले आणि महाविद्यालयाच्या संस्थापकाच्या पत्रकारितेवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. आंबेडकरांच्या वृत्तपत्रीय लेखनाकडे पाहण्याची दृष्टी या परिसरास अशी घरचीच आहे. तथापि आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘बहिष्कृत भारता’तील उतारे ज्या रीतीने येतात, ती रीत समाधानकारक नाही. उतारा घ्यावयाचा, त्याखाली एक सिद्धान्त मांडावयाचा आणि अंकाची तारीख कंसात टाकून पुढे जावयाचे! वस्तुतः ते लेखन पंधरवड्याच्या मुदतीत, छापखान्याच्या तगाद्याखाली आणि बहुतांशी एका हाताने झालेले आहे. ते कसे झाले, याचा विचार केल्यावाचून त्याच्या गद्याचा उलगडा होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकहाती नियतकालिकाची परंपरा मराठीस नवी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाले’चे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याने लिहिले. परंतु शास्त्रीबोवांस वाचक आयता होता. शाळा-पाठशाळांतून तयार झालेला तो वर्ग मासिक विकत घेण्याइतपत ऐपतीचा होता. ज्याचा वाचक अद्याप साक्षरच व्हावयाचा आहे आणि ज्याच्या पदरी वर्गणीपुरताही पैसा नाही, अशा समाजासाठी राजकीय पत्र चालविणे ही निराळी गोष्ट होय. ‘मूकनायका’चा अनुभव ताजाच होता. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या त्या पाक्षिकास शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. आंबेडकर तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. पुढे आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले, संपादकत्व ज्ञानदेव घोलपांकडे आले, आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. मुख्य लेखणी दूर गेली की पत्र फार काळ तग धरीत नाही, हे त्यातून दिसून आले होते.

‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा. महाडची परिषद १९ व २० मार्चला झाली होती. चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले होते. म्हणजे घटना आणि पत्र यांत अवघ्या चौदा दिवसांचे अंतर. या वेळी संपादक म्हणून आंबेडकरांचेच नाव होते. याच सुमारास ते उच्च न्यायालयात वकिली करीत, बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत आणि मुंबई विधिमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसत. परळच्या दामोदर हॉलमधील बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम होते ते वेगळेच. वृत्तपत्रासाठी जो वेळ उरे तो या सर्वांतून उरलेला असे.

या पत्राची अंगरचना पाहिली म्हणजे कामाचा पसारा ध्यानात येतो. अग्रलेख, ‘आजकालचे प्रश्न’, ‘प्रासंगिक विचार’, परिषदांचे वृत्तांत, पत्रव्यवहार, शिवाय विरोधी पत्रांना उत्तरे. ही उत्तरे देण्यासाठी ‘केसरी’, ‘भाला’ यांसारखी पत्रे आधी वाचावी लागत, हे वेगळे सांगावयास नको. मजकूर देणारे सहकारी मोजके होते. त्यामुळे अंकातील चोवीस-चोवीस रकाने संपादकास स्वतःच भरून काढावे लागत. हे आपण म्हणत नाही. खुद्द संपादकांनीच फेब्रुवारी १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या लेखात हा हिशेब वाचकांपुढे ठेवला आहे.

त्या मथळ्यातील शब्दयोजना भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी आहे. वर्गणी थकली तर मराठी संपादक ‘बाकी’ म्हणे, मदत हवी असल्यास ‘देणगी’ अथवा ‘आश्रय’ म्हणे. ‘आश्रय’ या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. ‘देणगी’ ही देणाऱ्याच्या मर्जीची बाब. ‘ऋण’ म्हटले की बाजू उलटते. ज्याने वाचले, ज्याच्यासाठी लिहिले गेले, तो देणेकरी ठरतो. शिवाय देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या परंपरागत मालिकेची छाया त्या शब्दावर असतेच. आणि ‘लौकिक’ हे विशेषण लावून ती मालिका परलोकातून उचलून इहलोकी आणली जाते. कागद-छपाईच्या खर्चाची अडचण सांगताना धर्मशास्त्राचाच शब्द असा परतवून लावणे यात निव्वळ वक्तृत्व नाही. ज्या समाजास शतकानुशतके दानाच्या खालच्या बाजूस बसविले, त्याच्याकडे पैसा मागताना त्यास याचक वा दाता न करता हक्काचा भागीदार करावयाचे, ही त्यामागील गरज होती.

पंधरवड्याच्या मुदतीचा परिणाम याहूनही स्पष्ट दिसतो तो महाडविषयक अग्रलेखांत. एप्रिल-मे १९२७ मध्ये एकाच घटनेवर तीन लेख आले : वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी, इंग्रज सरकारची जबाबदारी आणि अस्पृश्य वर्गाची जबाबदारी. विषय तोच, ‘धर्मसंगर’ हा मथळ्यातील शब्दही तोच; बदलतो तो संबोधित पक्ष. लेख तीन अंकांत विभागले गेले ते कदाचित सोयीसाठीही असेल. पण त्यामुळे प्रत्येक अंकास एकच श्रोता मिळाला आणि प्रत्येक श्रोत्याशी बोलण्याची तऱ्हा निराळी ठरली. हे लेख एकत्र सलग वाचणाऱ्यास त्यांत पुनरुक्ती वाटेल. परंतु अंक हा पुष्कळदा एकाने वाचावयाचा आणि अनेकांनी ऐकावयाचा, हे लक्षात घेतले म्हणजे पुनरुक्तीचे प्रयोजन कळते. मागचा अंक ऐकलेला नसलेल्या माणसासही आजचा अंक पुरा पडला पाहिजे. प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देणे, प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग एकेक मुद्दा खोडणे, हे विशेष वकिली व्यवसायाचे म्हणून सांगितले जातात. ते खरेच आहे. पण मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या गद्यास तीच घडण सोयीची, हेही तितकेच खरे. सत्याग्रहास पाठिंबा देताना ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी चळवळीत ब्राह्मण नकोत अशी अट घातली, तेव्हा याच पत्रातून ती नाकारण्यात आली. मित्रपक्षाला नकार देताना लेखणी किती मोजून चालते, हे त्या मजकुरात पाहावे. शत्रूशी वाद घालणे त्या मानाने सोपे.

परदेशातील उदाहरण घ्यावयाचे तर फ्रेडरिक डग्लस यांनी १८४७ मध्ये रॉचेस्टर येथे काढलेल्या ‘नॉर्थ स्टार’चे घ्यावे लागेल. त्यासही ब्रिटनमधील स्नेह्यांच्या पैशाचा आधार लागला आणि १८५१ मध्ये दुसऱ्या पत्रात विलीन व्हावे लागले. आपल्याकडे, गोदावरीपलीकडच्या नेवासे तालुक्यातील तरवडीहून, मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ १९६७ पर्यंत चालविला. संपादकाचा सारा जन्मच त्या एका कामात गेला, हे त्या दीर्घायुष्याचे मोठे कारण होय. आंबेडकरांना तो पर्याय नव्हता.

१९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयातील अध्यापन आणि सायमन आयोगापुढील साक्ष यांची भर पडली. त्याच वर्षी जूनमध्ये समाज समता संघाचे ‘समता’ देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली निघाले. ‘बहिष्कृत भारत’ अनियमित होत गेले आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबले. अनियमिततेच्या या काळातील अंकांवरून ‘आंबेडकरांचे मौन’ अशा प्रकारची अनुमाने काढण्याआधी त्या महिन्यांतील त्यांची इतर कामे ताडून पाहावीत. महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये या दोन्ही पाक्षिकांचा मजकूर एकत्र प्रसिद्ध केल्यापासून तसे करणे कठीण राहिलेले नाही. फक्त अग्रलेखांपुढची पानेही उलटावी लागतात.

२४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ सुरू झाले ते नाईकांच्या संपादकत्वाखाली. रकाने आता अनेकांत वाटले गेले. पत्र पुढे साप्ताहिक झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’ या नावाने निघू लागले. ‘बहिष्कृत भारता’तील एकच आवाज मात्र त्यात सहसा ऐकू येत नाही. तो एकटेपणा आर्थिक अडचणीतून आला होता, हे मान्य करूनही त्या दोन वर्षांचे गद्य मराठीच्या वैचारिक लेखनात वेगळेच उठून दिसते.