येर्माकची कसोटी
बर्फफोड्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खालून तिरपी कापलेली असते. जहाज बर्फावर चढते आणि स्वतःच्या वजनाने तो मोडते. रशियन अ‍ॅडमिरल मकारोव्ह यांनी न्यूकॅसलला बांधून घेतलेले ‘येर्माक’ १८९९च्या मार्चमध्ये बाल्टिकचा बर्फ फोडत क्रॉनस्टाटला पोहोचले. वाहवा झाली. त्याच उन्हाळ्यात स्पिट्सबर्गनजवळ ध्रुवीय बर्फाने त्याला हिसका दाखवला. जहाज गळू लागले. नाळेखालच्या पंख्याची कल्पना अमेरिकेतल्या सरोवरांवरची, इथे कुचकामी ठरली. तो काढला, तरी दुसऱ्या फेरीत पत्रा फाटलाच. मकारोव्ह यांच्यावर टीकेची झोड उठली. मला ती अन्यायाची वाटते. त्या बर्फाची परीक्षा घ्यायला दुसरी प्रयोगशाळा होती कुठे? १९०१ मध्ये नवी नाळ बसली. मकारोव्ह १९०४ मध्ये पोर्ट आर्थरजवळ युद्धनौकेसह बुडाले. येर्माक पुढे साठ वर्षे बर्फ फोडत राहिले.